योग झाला, क्षेमाचे काम बाकी आहे

पत्र : मी बार्शी तालुक्यातील एका गावात राहतो. वय 62. वडील अकाली गेल्यावर आमच्या घराची जी दशा झाली ती दुसऱ्या कुणाची होऊ नये, या इच्छेने 1988 साली सायकलवरून आयुर्विम्याचे काम सुरू केले. पुढे जास्त विमा विकणाऱ्या प्रतिनिधींच्या क्लबची सभासदत्वे मिळाली, ढाली मिळाल्या, घर बांधले, दोन्ही मुले पुण्यात स्थिरावली. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली. मुले म्हणतात, आता पुरे करा. मला मात्र लोकांच्या उपयोगी पडायचे आहे. पण मी दारात दिसलो की लोकांना वाटते, आले हे पॉलिसी गळ्यात मारायला. शिवाय एक गोष्ट मनातून जात नाही. मार्च 2002 मध्ये माझे टार्गेट थोडक्यात राहत होते, म्हणून कोरडवाहू जमीन असलेल्या माझ्या वर्गमित्राला मी झेपणार नाही इतक्या हप्त्याची पॉलिसी घ्यायला लावली. दोन वार्षिक हप्ते त्याने भरले. दुष्काळामुळे तिसरा भरता आला नाही, पॉलिसी लॅप्स झाली म्हणजे बंद पडली आणि सप्टेंबर 2004 मध्ये मोटारीचा शॉक लागून तो गेला. वहिनींना एक पैसा मिळाला नाही. त्या आजही भेटल्या की ‘भाऊजी, चहा घेऊन जा’ म्हणतात. मी काय करावे?

उत्तर :

आदरणीय भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमचे आठ पानी पत्र मी दोनदा वाचले. वर त्याचा सारांश दिला आहे; तुम्ही कोणत्या संस्थेचे काम करता ते मुद्दाम गाळले आहे, कारण प्रश्न संस्थेचा नाही. पत्राची सहा-सात पाने तुमच्या वाटचालीची आहेत आणि वर्गमित्राची हकीकत शेवटच्या पानावर, सहीच्या अगदी आधी, आखडत्या अक्षरात आली आहे. मी उत्तराची सुरुवात तिथूनच करते, कारण ती बाजूला ठेवून लोकांच्या उपयोगी पडण्याविषयी आपण कितीही बोललो, तरी तुमचे मन त्या एका दारापाशीच घुटमळत राहील.

त्या पानावर तुम्ही ‘त्याचे नशीब’ असे लिहून नंतर ते खोडले आहे. खोडलेत ते योग्य केलेत. दुष्काळ तुम्ही आणला नाही आणि विहिरीवरच्या मोटारीची वायर तुम्ही उघडी ठेवली नव्हती, हे खरे आहे; पण हप्त्याचा आकडा तुम्ही ठरवला होता आणि तो त्याच्या शेताकडे पाहून नव्हे, तर तुमच्या मार्च एंडिंगकडे पाहून ठरवला होता. ज्याच्या हाती वर्षातून एकदा ज्वारी आणि तुरीचे पैसे येतात, त्याला निम्म्या रकमेची पॉलिसी, सुगीनंतर येणारा हप्ता, किंवा बचतीचा भाग नसलेला साधा मुदतीचा विमा अधिक मानवला असता. हे तुम्हाला तेव्हाही ठाऊक होते. आणखी एक गोष्ट मला पत्रात सापडली नाही. हप्ता चुकल्यावर एक महिन्याची सवलत संपली आणि पॉलिसी बंद पडली, तरी थकलेला हप्ता व्याजासह भरून आणि प्रकृतीचे निवेदन देऊन ती पुन्हा चालू करून घेता येते. एप्रिल ते सप्टेंबर 2004 या काळात हे सांगायला तुम्ही त्याच्या घरी गेला होतात का? गेला असतात तर तुम्ही ते नक्की लिहिले असते, असे मला वाटते.

हे तुम्हाला टोचावे म्हणून मी लिहीत नाही. तुमच्या हातून नेमके काय राहिले हे स्पष्ट झाले, तर पुढे काय करायचे हेही आपोआप स्पष्ट होते. पॉलिसी दिल्यानंतर त्या घराचा उंबरा पुन्हा चढायचा राहिला.

वहिनींकडे जा. सणावाराला नको, कुणी सोबत नको, बॅग नको. त्यांनी चहा दिला की तो घ्या आणि पत्रात मला जे लिहिलेत ते त्यांना दोन-तीन वाक्यांत सांगा : हप्ता जास्त होता, तो मी माझ्या गरजेपोटी ठरवला, आणि पॉलिसी बंद पडल्यावर मी आलो नाही. क्षमा मागू नका; क्षमा मागितली की ती देण्याचा भार त्यांच्यावर पडतो, आणि ज्या बाईने वीस-बावीस वर्षे तुम्हाला चहा विचारला तिच्यावर आणखी भार नको. पैशांचे पाकीट तर मुळीच नेऊ नका. पुढे कधी नातवंडाच्या शिक्षणाला उघडपणे हातभार लावावासा वाटला तर तो वेगळ्या दिवशी, वेगळ्या बोलण्यात लावा. त्या रडतील, गप्प राहतील किंवा रागावतील. जे होईल ते ऐकून घ्या. कदाचित त्या म्हणतील, मला हे माहीत होते. माझ्या अनुभवात बायकांना अशा गोष्टी बहुधा माहीत असतात.

आता तुमच्या मूळ इच्छेकडे येते. त्याआधी माझ्या घरची एक आठवण सांगते, कारण विमा प्रतिनिधी म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर ढाली किंवा क्लब येत नाहीत, एक शाईचे पेन येते. माझे वडील गेले तेव्हा मी अकरावीत होते. तेराव्यानंतर तीन दिवसांनी त्यांच्या पॉलिसीचे प्रतिनिधी एसटीने आमच्या गावी आले, ओसरीवर बसले, पेनाचे टोपण काढून ते मागे बसवले आणि आईला म्हणाले, ‘ताई, तुम्ही फक्त विचारलेले सांगा, लिहायचे मी पाहतो.’ बॉण्डवर, म्हणजे पॉलिसीच्या मूळ कागदावर, आईचे नाव इंदुमती होते, रेशनकार्डावर इंदिरा आणि गावासाठी ती इंदूबाई होती. तीन नावांची बाई एकच आहे हे सिद्ध करण्यासाठी ते तिला तालुक्याला घेऊन गेले, प्रतिज्ञापत्र करून घेतले, ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला काढून दिला. पाच खेपा घातल्या. आम्हाला दहा हजार रुपये मिळाले आणि माझे कॉलेज त्यावर झाले. त्या पाच खेपांत त्यांनी आमच्याकडे नव्या पॉलिसीचा विषय एकदाही काढला नाही. पुढे मी वकील झाले, तीस वर्षे तालुका न्यायालयात वारसाहक्काची प्रकरणे पाहिली, आणि प्रत्येक वेळी वाटत राहिले की या बाईच्या ओसरीवर वेळेवर कुणी पेन उघडून बसले असते, तर तिला माझ्यापर्यंत यावेच लागले नसते.

‘योगक्षेमं वहाम्यहम्’ हे गीतेच्या नवव्या अध्यायातले शब्द आयुर्विमा महामंडळाने बोधवाक्य म्हणून घेतले, हे तुम्हाला मी सांगायला नको. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना जानेवारी 1956 मध्ये आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला आणि 245 लहानमोठ्या संस्था एकत्र करून त्या वर्षी 1 सप्टेंबरला महामंडळ उभे राहिले, तेव्हा विमा शहराबाहेर, खेड्यापाड्यांत पोचावा हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. तुम्ही सायकलवर फिरून तेच केलेत. पण जुने भाष्यकार या शब्दाची फोड करताना सांगतात की जे नाही ते मिळवून देणे हा योग, आणि मिळालेले राखणे हे क्षेम. अडतीस वर्षे तुम्ही योगाचे काम केलेत. कमिशन त्याचे मिळते, टार्गेट त्याचे असते, ढालही त्याचीच मिळते. क्षेमाचे काम कुणी मोजत नाही, म्हणून ते मागे पडते. तुमच्या हाती उरलेल्या वर्षांत ते करावे, असे मला मनापासून वाटते. आणि त्यासाठी लागणारी सगळी सामग्री तुमच्या कपाटात आहे.

तुम्ही लिहिले आहे की 1988 पासूनच्या सगळ्या डायऱ्या तुम्ही जपून ठेवल्या आहेत. त्या बाहेर काढा आणि सर्वांत जुन्या डायरीपासून एकेका घरी जा. तिथे बॉण्ड मागा. तो कुठे आहे हे घरातल्या बाईला माहीत आहे का, हे आधी पाहा. कित्येक घरांत तो धान्याच्या कोठीत प्लास्टिकच्या पिशवीत असतो आणि ते फक्त कर्त्या पुरुषाला ठाऊक असते. मग बॉण्डवरचे नॉमिनीचे नाव वाचा. पोराने नोकरी लागल्यावर पॉलिसी घेतली तेव्हा नॉमिनी म्हणून आईचे नाव टाकले, पुढे लग्न झाले, दोन मुले झाली, नाव तसेच राहिले. त्याच्या पश्चात आई आणि सून एकाच चुलीवर स्वयंपाक करीत असतील तर निभावते, नाहीतर दोघी माझ्यासारख्या वकिलाच्या खुर्चीसमोर येऊन बसतात. 2015 मध्ये विमा कायद्याच्या कलम 39 मध्ये दुरुस्ती होऊन आईवडील, पती-पत्नी आणि मुले हे नॉमिनी लाभार्थी, म्हणजे रकमेचे हक्कदार, मानले जाऊ लागले, त्यामुळे नाव कुणाचे आहे याला पूर्वीपेक्षा अधिक वजन आले आहे. नॉमिनी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, असेल तर त्याच्या वतीने रक्कम स्वीकारणाऱ्या व्यक्तीचे नाव लिहिलेले आहे का, तेही पाहा. नॉमिनी हयात तरी आहे का, हे विचारायलाही संकोच करू नका. आणि नाव आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर जुळते का ते तपासा, कारण आपल्याकडे लग्नानंतर बाईचे नुसते आडनाव बदलत नाही, मधले नाव बदलते आणि अनेक घरांत पहिलेही बदलते. नॉमिनी बदलण्याचा अर्ज एका पानाचा असतो. तो माणूस हयात असताना भरला तर पंधरा मिनिटांचे काम आहे. नंतर त्याला वर्षे लागतात, हे मी माझ्या प्रकरणांतून सांगते.

बॉण्ड पाहून झाला की बँकेचे पासबुक मागा. मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीस 436 रुपये आणि 20 रुपये वजा झालेले दिसतात का, ते पाहा. पहिली रक्कम प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची आणि दुसरी सुरक्षा विम्याची. दोन्ही योजना 2015 पासून आहेत, पहिलीत कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर दोन लाख आणि दुसरीत अपघाती मृत्यू झाला तर दोन लाख मिळतात. पैसे आपोआप कापले जातात, त्यामुळे ते कशाचे आहेत हे खुद्द खातेदारालाच पुष्कळदा माहीत नसते, मग त्याच्या बायकोला कुठून माहीत असणार? बँक आपण होऊन घरी येत नाही, दावा कुटुंबानेच त्या शाखेत जाऊन करायचा असतो. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूसाठी राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची योजना आहे, तिचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जातो आणि त्यात दिरंगाई चालत नाही. साखर कारखान्यात किंवा एमआयडीसीत काम करणारा कामगार नोकरीत असताना गेला, तर भविष्य निर्वाह निधीशी जोडलेला विमा असतो, तो आज सात लाखांपर्यंत मिळू शकतो; निधीची रक्कम काढून घेणाऱ्या अनेक कुटुंबांचा विम्याचा अर्ज मात्र भरायचा राहून जातो. तुमचा मित्र 2004 मध्ये ज्या तऱ्हेने गेला, त्या तऱ्हेने आज कुणी गेला, तर त्याच्या घरी एकही मोठी पॉलिसी नसताना या तीन-चार दारांतून काही लाख येऊ शकतात. ती दारे दाखवणारा माणूस मात्र गावात हवा, आणि तुमच्याइतकी त्या दारांची माहिती असलेला दुसरा कुणी तुमच्या पंचक्रोशीत मला दिसत नाही.

डायरीत अशीही नावे निघतील ज्यांची मुदत कधीच संपली, पण पत्ता बदलल्यामुळे किंवा बँक खाते न दिल्यामुळे पैसे पडून राहिले. प्रत्येक विमा कंपनीला अशा बेवारस रकमा शोधण्याची सोय आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. दहा वर्षे कुणी विचारले नाही तर रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. तिथे गेल्यावरही पुढची 25 वर्षे ती मागता येते. लग्न होऊन दूर गेलेल्या मुली आणि मुंबईला गेलेली कुटुंबे यांचे दूरध्वनी तुमच्याकडे असतील तर त्यांना कळवा. हा शोध मुलांना पुण्यात बसूनही घेता येईल. तुम्ही एकटे उन्हातान्हात फिरता याची त्यांना काळजी वाटते, तेव्हा त्यांनाही या कामात थोडे ओढा.

काही घरांत दावा नाकारल्याचे पत्र निघेल. प्रस्तावाच्या अर्जात प्रकृतीच्या प्रश्नांपुढे वरपासून खालपर्यंत ‘नाही’ लिहून टाकण्याची वाईट सवय तुमच्या व्यवसायात आहे, आणि रक्तदाब किंवा साखर लपवली म्हणून दावा अडतो तेव्हा ते ‘नाही’ कुणाच्या हातचे होते हे कुणी विचारत नाही. पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर विमा कायद्याच्या कलम 45 नुसार तिच्या वैधतेवर कोणत्याही कारणाने शंका घेता येत नाही. पॉलिसी चालू राहून तीन वर्षे उलटलेली असतील आणि तरीही माहिती लपवल्याचे कारण दिले असेल, तर त्या पत्रापुढे हात टेकू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जायचे. तुमच्या जिल्ह्यासाठी ते कार्यालय पुण्याला आहे, शुल्क लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतची तक्रार तिथे चालते, मात्र नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत जावे लागते. तिथे वकील चालत नाही आणि प्रतिनिधीही चालत नाही. तक्रार त्या बाईच्या सहीनेच जाईल, तुम्ही तिला ती लिहायला मदत करा आणि तिच्या भाषेत वाचून दाखवा.

लोकांच्या संशयाविषयी तुम्ही फार खिन्न होऊन लिहिले आहे. तो संशय बोलून जाणार नाही. ज्या घरी कागद पाहायला जाल, त्या घरात त्या दिवशी नवी पॉलिसी विकायची नाही, असा नियम स्वतःला घालून घ्या. त्यांनी आपण होऊन विचारले तरी ‘त्यासाठी वेगळा येईन’ म्हणा. मूळ बॉण्ड घेऊन जाऊ नका, छायाचित्र काढा. कोऱ्या अर्जावर सही घेऊ नका, ओटीपी विचारू नका, हप्त्याची रोख रक्कम हातात घेऊ नका. तुमचे पहिल्या वर्षीचे कमिशन परत मागणारे ग्राहक आता पुन्हा भेटतील; सुरुवातीच्या काळात तुम्ही ते देत होता असे लिहिले आहे, पण विमा कायद्याच्या कलम 41 प्रमाणे तो गुन्हा आहे आणि लोकांची पॉलिसी निवडण्याची कसोटीच त्याने बिघडते, तेव्हा ते आता पूर्ण थांबवा. गावातल्या दोन-चार बायकांचे कागद नीट लागले की बाकीच्या स्वतः निरोप पाठवतील.

मुलांशी वाद घालू नका. ते ‘पुरे करा’ म्हणतात ते रात्रीच्या मोटारसायकलीला आणि मार्च महिन्याच्या धावपळीला म्हणत असावेत, आणि त्यात ते बरोबर आहेत. क्लबचे सभासदत्व यंदा जाऊ द्या. नूतनीकरणाचे, म्हणजे जुन्या पॉलिसींच्या हप्त्यांवरचे, कमिशन येतच राहील, आठवड्यातल्या दोन सकाळी या कामाला पुरेत. एखाद्या तरुण कुटुंबाने खरोखरच पॉलिसी मागितली तर जरूर द्या, पण शेतीवर कर्ज असलेला विवाहित पुरुष असेल तर त्याला 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याची माहिती द्या. त्या कायद्याखाली बायकोमुलांच्या नावे घेतलेल्या पॉलिसीचे पैसे सहसा सावकाराला किंवा बँकेला ओढून घेता येत नाहीत. तसा अर्ज पॉलिसी घेतानाच भरावा लागतो. माझ्या सगळ्या वकिलीत तो भरलेला मला फार क्वचित दिसला, आणि ज्यांना त्याची सर्वाधिक गरज होती त्यांच्या घरी तर कधीच दिसला नाही.

एक गोष्ट मात्र डायरी उघडण्यापूर्वी करा. तुमच्या पत्नी दोन वर्षांपूर्वी गेल्या असे तुम्ही एका ओळीत लिहिले आहे. तुमच्या स्वतःच्या पॉलिसींवर, बँकेच्या ठेवींवर आणि एजन्सीच्या वारसा कमिशनच्या, म्हणजे तुमच्या पश्चात वारसाला मिळणाऱ्या कमिशनच्या, नोंदीत नॉमिनी म्हणून अजून त्यांचेच नाव असेल, अशी मला शंका आहे. ते खोडून दुसरे लिहिणे तुम्हाला जड गेले असेल, हेही मी समजू शकते. या आठवड्यात मुलांना बोलवा, कपाटातले सगळे कागद त्यांच्यासमोर मांडा आणि ते अर्ज त्यांच्या देखत भरा. त्यानंतर वहिनींकडे जा.